रकाना सातवा

असोग्याच्या वरच्या अंगाला, जिथं मलप्रभा
दोन काळ्या खडकांमधून अंग चोरून जाते,
तिथं आमची जागा क्रमांक चार.
सकाळी साडेसहा. पाण्याचं तापमान बावीस.
गढूळपणा: पांढरी तबकडी हातभर खोल दिसते,
मग नाही.

शट्टुप्पा जाळं झटकत नाही, उलगडतो,
झोपलेल्या पोराच्या मुठीतून नाणं काढावं तसं.
"हात ओले कर अगोदर," दर वेळी बजावतो,
"कोरड्या हातानं धरलास की अंगावरची साय निघते.
मग जगतो आठ दिस. आणि मरतो."
मी कोपरापर्यंत हात बुडवते.

मिशा चार. दोन वर, दोन ओठांच्या कोपऱ्यात.
बाजूच्या रेषेवरचे खवले मोजायचे,
कल्ल्यापासून शेपटीपर्यंत,
सुईच्या टोकानं, न टोचता.
तेवीस, चोवीस, आणि तो फडफडतो,
चष्म्यावर पाणी. पुन्हा एकपासून.
"काय मोजूलीस गे? खडस हाय तो.
अंधारात शेपटी आपटली तरी सांगतो मी."
असेल. पण 'कशावरून ओळखला' याखाली
मिशा आहेत, खवले आहेत, पंखांचे काटे आहेत;
आवाज नाही.

रकाना सातवा: स्थानिक नाव.
चौकोन करंगळीच्या पेराएवढा.
खडस, मी लिहिते.
पलीकडच्या काठावर धुणं आपटणारी निंगव्वा ओरडते,
"बिळी मीनु! बिळी मीनु अंत बरी!"
दोन्ही बसवता बसवता अक्षरं इतकी बारीक होतात
की ऑफिसात कुणीतरी भिंग लावून वाचेल
'खडसबिळी',
आणि कळवेल वर, की नवीनच जात सापडली.

लांबी एकतीस सेंटिमीटर.
पंखाचा नखाएवढा तुकडा स्पिरिटच्या कुपीत.
मग प्रवाहाकडे तोंड करून धरायचा
कल्ले पुन्हा चालू होईस्तोवर.
तळव्यात काहीतरी घट्ट होत जातं,
आणि तळवा रिकामा.

पहिल्या वर्षी इथं एकशे चार. दुसऱ्या वर्षी साठ.
मधल्या उन्हाळ्यात कोंडीत कुणी सुरुंग टाकला.
शट्टुप्पा नाव घेत नाही.
मेहुणा हल्ली वाळूच्या ट्रॅक्टरवर असतो
एवढंच एकदा, विडी विझवताना, म्हणाला.
यंदा जाळ्यात चिलापी, चिलापी, एक वांब,
परत चिलापी.

एक मात्र ठरलेला. डाव्या कल्ल्यावर गळाचा जुना व्रण,
तीन वर्षं तोच, त्याच खडकाखाली.
शट्टुप्पानं त्याचं नाव ठेवलं तलाठी:
हात ओले केल्याशिवाय हाती लागत नाही.
वहीत तो ०४-०१७.
पण मीही मनात तलाठीच म्हणते,
आणि गेल्या खेपेला चुकून तसंच लिहून बसले.

या कार्तिकात तीन दिवस जाळं.
तलाठी नाही. त्याच्या जातीचं कुणीच नाही.
"शून्य घालू नको," शट्टुप्पा म्हणाला,
"नाही दिसला, असं घाल."
त्याला सांगितलं, तिथं फक्त आकडा चालतो.
तो बराच वेळ जाळ्याची एक गाठ सोडवत राहिला,
जी सुटलेलीच होती.
मी पेन ठेवलं, पेन्सिल घेतली,
आणि शून्य असं काढलं की जरूर पडली तर
त्याचा नऊ करता यावा.

तिसऱ्या रात्री सामान बांधून झालेलं.
निंगव्वाचा धाकटा आमची बॅटरी घेऊन
काठाकाठानं खेळत होता.
कोंडीच्या खोल अंगाला एकदाच
धप् झालं.
शट्टुप्पा वळला नाही. बोट फक्त वर केलं,
शाळेत हजेरी देताना करतात तसं.

चौकटीबाहेर, समासात, मी लिहिलं:
सात वाजून दहा मिनिटं. आवाज. एक.
आणि त्याखाली, प्रामाणिकपणे:
किंवा पोरानं टाकलेला धोंडा.